मालक कोण, हा पहिला प्रश्न

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात पहाटे गाडी लागते. नाशिककडून कांदा आलेला असतो. फाळका खाली पडतो, टोळीतले दोघं वर चढतात, बाकीचे खाली पाठ देऊन उभे राहतात. गोणी पाठीवर येते, गाळ्यात जाते, थप्पी लागते. गाडी रिकामी झाली की टोळी पुढच्या गाडीकडे वळते. आता सांगा, या माणसांचा मालक कोण?

कांदा शेतकऱ्याचा. गाडी ट्रान्सपोर्टवाल्याची. गाळा अडत्याचा. दुपारी माल उचलणारा आणखी तिसराच कुणी व्यापारी. यांतल्या कुणीही हमालाला नेमणूकपत्र दिलेलं नाही, कुणाच्याही मस्टरवर त्याचं नाव नाही. दिवसभरात तो आठ-दहा जणांचं काम करतो आणि त्यांतल्या एकाचाही नोकर नसतो. मग त्याचा फंड कुणी भरायचा? गोणी अंगावर पडून पाय मोडला तर भरपाई कुणाकडे मागायची? म्हातारपणी पाठ सरळ होईना, तेव्हा ग्रॅच्युइटी कोण देणार?

मोठ्या शहरात कामगार संघटना नेमकं काय करते, हे समजून घ्यायचं तर मला हीच जागा सगळ्यात योग्य वाटते. कारण मुंबईतल्या माथाडी कामगारांनी या प्रश्नाला जे उत्तर शोधलं ते आजही अनेकांना नीट माहीत नाही, आणि आज मोबाइलवर ऑर्डर घेऊन दारोदार फिरणाऱ्या पोरांपुढे तोच प्रश्न जसाच्या तसा उभा आहे.

आधी साधी गोष्ट. युनियन म्हणजे काय? एकट्या कामगाराचा शब्द मालक कानाआड करू शकतो, हजार जणांचा करू शकत नाही. म्हणून हजार जण मिळून एक मागणीपत्र देतात, मालकाशी बसून बोलतात, ठरलेलं कागदावर आणतात. त्या कागदाला करार म्हणतात. बोलणी फिसकटली तर सरकारी कामगार अधिकारी मध्ये पडतो, पुढे न्यायालय असतं आणि अगदी शेवटी संप. लोकांना फक्त शेवटचा शब्द आठवतो, कारण वर्तमानपत्रात तोच छापून येतो. मुंबईत हे काम फार जुनं आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज-विनंत्या केल्या, सभा भरवल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी घरी असतो त्यामागे असा एक लढा आहे.

पण गिरणीतल्या युनियनला एक गोष्ट आयती मिळालेली होती. गिरणीला मालक होता, गेट होतं, भोंगा होता, हजेरीपत्रक होतं. कुणाशी भांडायचं हे ठरलेलं होतं. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि पुढे त्या संपाचं जे झालं ते महाराष्ट्राच्या मनावर इतकं कोरलं गेलं, की युनियन म्हटलं की अजूनही तोच संप डोळ्यांपुढे येतो. त्याच शहरात, गिरणगावापासून थोड्याच अंतरावर, मसजिद बंदर आणि दाणा बंदरातल्या घाऊक बाजारांत मात्र वेगळ्याच प्रकारची संघटना काम करत होती. तिच्यापुढे गेटही नव्हतं आणि भोंगाही नव्हता.

माथाडी म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा. सातारा, सांगली, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून ही माणसं आली. पाटण, जावळीसारख्या डोंगरी तालुक्यांत शेती पोटापुरतीही पिकत नव्हती, मग घरटी एक गडी मुंबईला. गावकीच्या खोलीत दाटीवाटीनं राहायचं, खाणावळीत जेवायचं, हातात लोखंडी आकडा घेऊन बाजारात उभं राहायचं. काम मुकादमामार्फत मिळायचं. गोणीमागे किती आणि मधल्या माणसानं ठेवून घेतलं किती, याचा हिशेब विचारायची सोय नव्हती. गोणी शंभर किलोची असायची. आजारी पडला की त्याची जागा दुसऱ्यानं घेतलेलीच.

अण्णासाहेब पाटील हे याच माणसांतले. पाटण तालुक्यातून आले, दाणा बंदरात स्वतः ओझी वाहिली आणि १९६० च्या दशकात टोळ्या-टोळ्यांना जोडत माथाडींची युनियन बांधली. पण युनियन बांधून मागणीपत्र द्यायचं कुणाला? एका व्यापाऱ्याकडे गेलं तर तो म्हणणार, हा माझा माणूस नाही, माझ्याकडे तर महिन्यातून चार गाड्या येतात. आणि तो खोटंही बोलत नव्हता.

उत्तर जवळच होतं, गोदीत. जहाजं काही रोज सारखी येत नाहीत. एका दिवशी पाच लागतात, मग चार दिवस धक्का सुना. म्हणून जहाज कंपन्या आणि त्यांचे ठेकेदार लागेल तेव्हा माणसं बोलवत आणि काम संपलं की हाकलून देत. गोदी कामगारांच्या चळवळीनंतर १९४८ मध्ये केंद्र सरकारनं गोदी कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा केला. त्यातून गोदी कामगार मंडळं आली. कामगार कुठल्या एका ठेकेदाराचा नाही, मंडळाच्या यादीवरचा. जहाज आलं की मंडळ पाळीनं माणसं देणार, आणि हजर राहूनही काम मिळालं नाही तर हजेरीचे पैसे. मुंबईत सीएसएमटीच्या मागून बंदराला समांतर जाणाऱ्या रस्त्याला पी. डिमेलोंचं नाव आहे, ते या गोदी कामगारांचे पुढारी. त्या रस्त्यानं रोज हजारो लोक जातात. नाव कुणाचं, हे थोड्यांना माहीत असतं, याचं वाईट वाटतं.

गोदीतली ही कल्पना बाजारात आणली ती १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्यानं. कायद्याचं नाव लांबलचक आहे, पण त्यातली युक्ती एका वाक्यात सांगता येते: एक मालक सापडत नसेल, तर सगळ्या बाजाराला मिळून मालकाची जबाबदारी घ्यायला लावायची.

हे चालतं कसं, ते जरा सावकाश पाहू, कारण खरी गंमत इथेच आहे.

किराणा बाजार, लोखंड बाजार, कापड बाजार, भाजीपाला, वाहतूक, रेल्वेचे मालधक्के, खोकी बनवण्याचं आणि लाकडाचं काम, मिठागरं, अशा कामांची यादी कायद्याला जोडलेली आहे. त्यासाठी सरकार माथाडी मंडळ नेमतं. कामगार त्याला सरळ ‘बोर्ड’ म्हणतात. राज्यात अशी तीसहून अधिक बोर्डं उभी राहिली. बोर्डावर व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येनं बसतात, शिवाय सरकारचे. अशा कामासाठी माणसं लावणाऱ्या व्यापाऱ्यानं बोर्डाकडे नाव नोंदवायचं, तो झाला नोंदीत मालक. कामगारानंही नोंदवायचं, तो नोंदीत कामगार. त्याची टोळी ठरते आणि ती त्या मालकाला किंवा त्या बाजाराला जोडून दिली जाते. मग उद्या व्यापाऱ्याला वाटलं की नाक्यावरून चार स्वस्त माणसं आणावीत, तर तसं करता येत नाही.

आता पैशाचं. गोणी उचलली की हमालाच्या हातात नोट टेकवायची, हा जुना रिवाज कायद्यानं बंद केला. व्यापारी मजुरी बोर्डात भरतो आणि बोर्ड ती कामगाराच्या खात्यात जमा करतं. मजुरीबरोबर त्याला आणखी एक रक्कम भरावी लागते, ती म्हणजे लेव्ही. माथाडींच्या वस्तीत लहान पोरालाही ठाऊक असलेला हा शब्द बाहेर फारसा कुणाला माहीत नाही. लेव्हीचा दर बोर्डागणिक वेगळा असतो. ढोबळमानानं मजुरीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास धरा, काही ठिकाणी त्याहून जास्त.

समजा गोणीमागे मजुरी दहा रुपये आणि लेव्ही ३५ टक्के. व्यापारी साडेतेरा रुपये भरतो. दहा रुपये टोळीच्या मजुरीत जातात. उरलेल्या साडेतीन रुपयांतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, सणाच्या सुट्ट्या, औषधपाणी आणि बोर्डाच्या कारभाराचा खर्च निघतो. कारखान्यातल्या कायम कामगाराला या सगळ्या गोष्टी मिळतात, कारण त्याला एक मालक असतो. इथे मालक शंभर आहेत, म्हणून तोच फंड, तीच ग्रॅच्युइटी गोणीगणिक वाटून वसूल केली. दहा जणांच्या टोळीनं महिन्याला दोन लाखांची मजुरी केली, तर ३५ टक्के लेव्ही झाली सत्तर हजार. माणशी सात हजार. हे पैसे भीक नाहीत आणि सरकारी अनुदानही नाहीत. ज्याचा माल उचलला त्यानं दिलेली ती उचलण्याची पूर्ण किंमत आहे. आधी ती अर्धीमुर्धीच दिली जात होती, बाकीची हमालाचं शरीर भरत होतं.

व्यापाऱ्यानं मजुरी आणि लेव्ही थकवली, तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी ती वसूल करता येते. अपघाताच्या भरपाईचा कायदाही माथाडींना लागू केलेला आहे. ‘तो माझा नोकरच नाही’ हे वाक्य तिथे चालत नाही.

मग बोर्ड एवढं करत असेल तर युनियन कशाला, असं कुणी विचारेल. हा घोळ पुष्कळांचा होतो. बोर्ड म्हणजे युनियन नव्हे. बोर्ड हे सरकारनं नेमलेलं मंडळ, हिशेब आणि नियम त्याच्याकडे. पण गोणीमागे दहा मिळावेत की बारा, हे बोर्ड आपणहून ठरवायला जात नाही. ते युनियन आणि व्यापाऱ्यांच्या संघटना बसून ठरवतात. गव्हाच्या पोत्याला काय, साखरेला काय, वरच्या मजल्यावर चढवायचं असेल तर काय, थप्पी पहिल्या थरापेक्षा उंच गेली तर काय, असा एकेक बारकावा असतो. ठरलेली मुदत संपली की पुन्हा बसायचं. नवी टोळी नोंदवून घेणं, एखाद्या गोदामवाल्यानं नोंद टाळली तर त्याच्या मागे लागणं, थकलेली लेव्ही भरायला लावणं, मयत कामगाराच्या बायकोला फंडाचे पैसे मिळेपर्यंत कागद फिरवणं, ही सगळी कामं युनियनच्या कार्यालयात होतात. यांत घोषणा नसतात, फायली असतात. मला तर वाटतं, युनियन चांगली की वाईट हे मोर्चाच्या गर्दीवरून ओळखू नये, मयताची फाईल किती दिवसांत निकाली निघते यावरून ओळखावं.

आणि ताकद? ती मालाच्या स्वभावातून येते. भाजी, फळं, कांदा थांबत नाहीत. टोळ्यांनी एक दिवस आकडा खाली ठेवला, तर सगळ्या मुंबईची मंडई रिकामी राहते. म्हणून ही ताकद फार जपून वापरावी लागते, कारण बंदमध्ये शेतकऱ्याचा मालही सडतो, आणि हमाल स्वतः शेतकऱ्याचाच मुलगा असतो. गावाकडे त्याच्या भावाचा कांदा चाळीत पडलेला असतो.

गोणीच्या वजनाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. शंभर किलोची गोणी पाठीवर घेऊन विशी-पंचविशीतला गडी चालतो, तेव्हा बघणाऱ्याला कौतुक वाटतं. चाळिशीत त्याच गड्याचे गुडघे आणि मणके निकामी झालेले असतात. पुण्यात बाबा आढाव आणि हमाल पंचायतीनं, मुंबईत माथाडी संघटनांनी, गोणी ५० किलोची करा ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. पटवणं सोपं नव्हतं, कारण व्यापाऱ्याला बारदान जास्त लागणार आणि गोणीवर मजुरी घेणाऱ्या काही हमालांनाही वाटायचं की नसती कटकट आहे. शेवटी राज्यात ५० किलोची मर्यादा आली. तरीही वाशीच्या बाजारात ठरल्यापेक्षा जड गोण्या येतच राहिल्या आणि माथाडींना त्यासाठी काम थांबवावं लागलं, तेही एकदा नव्हे. कायदा झाला की प्रश्न संपला, असं समजणाऱ्यानं एकदा त्या काट्यापाशी उभं राहावं.

ज्याला एक मालक नाही, त्याला कँटीन नाही, क्वार्टर नाही, कंपनीचा दवाखाना नाही. म्हणून अशा संघटनांना ही कामंही अंगावर घ्यावी लागली. बाजार मुंबईतून टप्प्याटप्प्यानं नवी मुंबईत हलले तसे माथाडीही हलले. कोपरखैरणे, घणसोली, वाशी, नेरूळ इथे त्यांची घरं झाली, कोपरखैरण्यात माथाडी हॉस्पिटल उभं राहिलं, पतपेढी चालू झाली. पुण्यात हमाल पंचायतीनं १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, कष्टकऱ्याला परवडेल असं पोटभर जेवण देणारी. सावकाराच्या दारात जायचं वाचवणारी पतपेढी ही मजुरीवाढीइतकीच मोठी गोष्ट आहे, हे ज्यानं महिन्याला शेकडा दहानं व्याज भरलंय त्याला विचारा.

सगळं छानच आहे असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारे तयार झाले. कारखान्याच्या दारात जायचं, माल उतरवायला आमचीच माणसं लागतील म्हणायचं, किंवा काम न करताच गाडीमागे पैसे मागायचे. औद्योगिक पट्ट्यांत या तक्रारी वर्षानुवर्षं आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पण यातली मेख अशी की खंडणीखोराला बोर्ड नकोच असतं. बोर्डात पैसे भरले की पावती होते, खात्यात जमा होतात, कुणाचं नाव किती दिवस कामावर होतं ते दिसतं. रोख मागणारा माणूस माथाडी नव्हेच. २०२३ मध्ये शासनानं कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, तेव्हा गुंडगिरी रोखण्याचं कारण दिलं गेलं. संघटनांचं म्हणणं असं होतं, की गुंडांना पकडायला फौजदारी कायदे आहेतच, त्यासाठी खऱ्या कामगारांचं संरक्षण कमी कशाला करता? मला हे म्हणणं पटतं.

दुसरी दुखरी बाजू घरातली आहे. बाजारात धान्य चाळणाऱ्या, कांदा निवडणाऱ्या, सांडलेलं गोळा करणाऱ्या बायका हमालांइतक्याच पहाटे येतात. पण टोळी म्हटलं की पुरुषांची टोळी. बायकांची नोंद मागे राहिली, अनेकींची झालीच नाही. संघटनेला कोण दिसतं आणि कोण दिसत नाही, हा प्रश्न संघटनेनं स्वतःलाही विचारायला हवा. पुण्यात कचरावेचक बायकांनी १९९३ मध्ये कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, तेव्हा त्यांचा पहिला आग्रह पगाराचा नव्हता, ओळखपत्राचा होता. आम्ही चोर नाही, भिकारी नाही, काम करतो, हे कुणीतरी शिक्का मारून म्हणावं. मजुरीची गोष्ट त्यानंतर सुरू होते.

आता पुन्हा पहाटेच्या बाजारातून बाहेर येऊन रात्रीच्या रस्त्यावर या. पाठीवर मोठी चौकोनी पिशवी, हँडलला मोबाइल. हॉटेल एकाचं, जेवण मागवणारा दुसरा, ॲप तिसऱ्याचं, बाइक आणि पेट्रोल स्वतःचं. कंपनी त्याला कामगार म्हणत नाही, ‘पार्टनर’ म्हणते. तुर्भ्याच्या हमालासारखंच त्याचं काम सगळ्यांना हवं असतं आणि मालक व्हायला कुणीच पुढे येत नाही.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार, म्हणजे नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर असं सुटं काम करणारा, हा शब्द कायद्यात आला. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यात ॲप कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची तरतूद आहे. पण ती या कामगारांना दिलेल्या किंवा द्यायच्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. माथाडीला ही लेव्हीची धाकटी बहीण वाटेल. राजस्थाननं २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला, त्यामागे लढणाऱ्यांनी तर महाराष्ट्राच्या माथाडी बोर्डाचं उदाहरण उघडपणे पुढे ठेवलं होतं. प्रत्येक व्यवहारामागे शुल्क घेण्याची त्यातली कल्पना म्हणजे गोणीगणिक लेव्हीच. पन्नास वर्षांपूर्वी दाणा बंदरात जन्मलेली गोष्ट जयपूरला पोचली, याचा मराठी माणसानं अभिमान बाळगायला हरकत नाही.

मात्र एक फरक फार मोठा आहे. माथाडीच्या बोर्डावर कामगार व्यापाऱ्याच्या बरोबरीनं बसतो आणि मजुरीचा दर कराराने ठरतो. ॲपवरच्या पोराला एका ऑर्डरचे किती मिळणार हे ॲपमधलं गणित ठरवतं. काल पस्तीस होते, आज पंचवीस का झाले, हे विचारायला समोर टेबल नाही आणि माणूसही नाही. खातं बंद केलं तर का केलं, हेही नीट कळत नाही. उलाढालीतून येणाऱ्या पैशानं विमा होईल, कदाचित म्हातारपणाची थोडी सोय होईल, पण दर ठरवताना तुझा आवाज असेल, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. ॲपवर काम करणाऱ्यांच्या ज्या संघटना आज उभ्या राहताहेत, त्यांची खरी लढाई या टेबलाची आहे. आधी समोर बसायला मिळालं पाहिजे.

तोवर करता येण्यासारखी एक गोष्ट आहे, हमालाला लागू तशीच डिलिव्हरीवाल्यालाही. वही ठेवा. नोंद नसलेल्या टोळीला हक्क मागायचा असेल, तर आपण इथे काम करत होतो हे आधी दाखवावं लागतं, आणि तिथे तोंडी शपथेपेक्षा रोजच्या रोज लिहिलेली ओळ जास्त उपयोगी पडते. तारीख, गाडीचा नंबर, कुणाचा माल, किती गोण्या, टोळीत कोण कोण होतं, मिळाले किती. ॲपवाल्यानं तारीख, ऑर्डरी, किलोमीटर, दाखवलेले पैसे आणि खात्यात आलेले पैसे लिहावेत, जमेल तेव्हा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. दहा रुपयांची वही पुरते. कांद्याच्या पाण्यानं पानं ओली झाली तरी चालेल, शाई पसरणारी नको, बॉलपेननं लिहा.